खडकाखालचं वळण

या घरात माणूस मोठा झाला हे वयावरून ठरत नाही, लग्नावरून नाही, पोराबाळांवरून तर मुळीच नाही. डोंगरावर त्याच्या नावाचं एखादं वळण असलं म्हणजे तो मोठा. घोड्यांसाठी वाटा आखायच्या आणि बांधायच्या, यातच ज्या घराच्या तीन पिढ्या गेल्या तिथे दुसरं काय होणार? नवी आखणी तपासताना बाबा घोडीवरून जातात, एखाद्या जागी लगाम ओढून थांबतात आणि तिथल्या तिथे नाव देऊन मोकळे होतात. दिलं की दिलं, मग ते बदलत नाही. आणि नाव का पडलं याची गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक नव्या स्वाराला ऐकवली जाते. आत्याची उतरण आहे, गेलेल्या आईचा टप्पा आहे, धाकट्याचा कोपरा आहे, आणि हद्द म्हणजे एका हट्टी खेचराच्या नावाचाही चढ आहे. नाव नाही ते फक्त थोरल्याचं.

बरं, या वाटा खोदल्या कोणी? बहुतेक सगळ्या थोरल्यानंच. पहार त्याची, घाम त्याचा, कंबर गेली तीही त्याचीच. पण खोदणं वेगळं आणि आखणं वेगळं, असं बाबांचं म्हणणं, आणि बाबांचं म्हणणं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यात धाकट्याची बायको, म्हणजे धाकटी, या घरात आली. लग्नाआधी ती कुठल्याशा कचेरीत रस्त्याकडेच्या गटारांची आखणी करायची. गटारांची! आणि दुसऱ्याच वर्षी तिच्या नावाचं वळण डोंगरावर लागलं. त्या दिवशी थोरला जेवला नाही. पोट बिघडलंय म्हणाला. बिघडतंय कसलं, जळत होतं ते.

आता मागच्या डोंगराचं काम आलं होतं. पागेपासून खिंडीपर्यंत चढणारी आणि पलीकडे तलावाला उतरणारी वाट, एवढं मोठं काम या घरात कोणी केलंच नव्हतं. बाबांचे गुडघे बोलायला लागले होते. त्यांनी जेवता जेवता सांगून टाकलं, "दोघांनी आखा. थोरल्यानं लाल झेंड्या लावायच्या, धाकटीनं पिवळ्या. मी दोन्हींवरून जाऊन येतो. ज्याची रेघ चालेल त्याचा डोंगर. आणि डोंगर ज्याचा, यापुढे या घरातली आखणी त्याची."

थोरल्यानं उचललेला घास ताटात परत ठेवला. म्हणजे आपण थोरले आहोत, याला काही अर्थच नाही?

तपासणीच्या दिवशी सकाळी, घरात चहा उकळत होता तेव्हा तो डोंगरावर होता. "माझ्या झेंड्या एकदा बघून येतो," असं बायकोला सांगून निघाला होता आणि उभा होता पिवळ्या झेंड्यांमध्ये.

नाही म्हटलं तरी बाईनं रेघ सुरेख ओढली होती. कुठेही ती डोंगराच्या तोंडावर सरळ चढत नव्हती. सरळ चढलेली वाट म्हणजे पावसाला आपण होऊन दिलेला पाट, पहिल्याच हंगामात तिची घळ होते. पिवळी रेघ डोंगराला बगल देत, तिरकी तिरकी वर जात होती. थोरल्यानं प्रत्येक झेंडीपाशी थांबून चूक शोधली. चूक सापडेना तसा तो जास्तच भडकत गेला.

"लाडाची सून," तो पुटपुटला. "आणि आम्ही काय इथे इतकी वर्षं गवत उपटतोय?"

मोठ्या खडकापाशी मात्र त्याला हवं ते मिळालं. खडकाच्या वरच्या अंगाला गवतात लपलेला एक बारीक झरा होता आणि पिवळी रेघ त्याच्या ओलीवरून जात होती. धाकटीला ते ठाऊक होतं. तिथे दगड बसवून घ्यायचे, असं तिनं बाबांना आधीच सांगितलं होतं. दगड घोड्यांच्या वजनानं दरवर्षी हलले असते, दरवर्षी पुन्हा बसवावे लागले असते, पण चालण्यासारखं होतं. थोरल्याच्या मनात आलं, या झेंड्या इथून खाली ओढल्या तर? चांगली चढत आलेली वाट खडकाखाली एकदम उतरते आणि पुन्हा वर येते, हे बघून बाबा म्हणतील, या बाईला झालंय तरी काय?

त्यानं तिच्या झेंड्या उपटल्या. पहिली झऱ्याच्या जरा खाली, खडकाच्या वरच्याच अंगाच्या चिखलात रोवली आणि सवयीनं टाच दाबून पाहिली. टाच आत गेली, काळं पाणी वर आलं. छान! बाबांची घोडी इथेच रुतायला हवी.

पण त्याच्याच्यानं ती तिथे ठेववेना. "हे फारच उघड दिसतंय," त्यानं स्वतःला बजावलं, "कोणीतरी हलवलंय हे शेंबडं पोरही ओळखेल." त्यानं झेंडी काढून आणखी खाली, खडकाच्या पायथ्याशी नेली. टाच दाबली. अजून जरा बाजूला. तिथे पायाखाली करकरीत मुरूम लागला, तिथे रोवली. पुढची थोडी वर घेतली, त्यापुढची खडकाच्या पलीकडे नेऊन तिच्या जुन्या रेघेला भिडवली. हे सगळं आपण बिघडवण्यासाठी करतोय, अशी त्याची पक्की समजूत होती. पँटला हात पुसून तो खाली उतरला.

वर झाडीत थोरल्याची बायको उभी होती. घरात सगळे तिला वहिनी म्हणतात. ती त्याला चहाला बोलवायला आली होती आणि तिनं पहिल्या झेंडीपासून सगळं पाहिलं. "अहो, काय करताय हे?" शब्द अगदी ओठांवर आले होते. पण मग तिला आत्यांचं खोगीर आठवलं. ते खोगीर वहिनीनं वर्षानुवर्षं तेल लावून मऊ ठेवलं होतं, आज ना उद्या आपल्याला मिळेल म्हणून. आणि धाकटीच्या वळणाला नाव मिळालं त्या संध्याकाळी आत्यांनी ते उचलून धाकटीला देऊन टाकलं. "हिच्या हाडात घोडं आहे गं," असं वर वहिनीलाच ऐकवलं. वहिनीनं तोंड मिटलं आणि दुसऱ्या वाटेनं घरी गेली. चहात साखर घालायला त्या दिवशी ती विसरली.

*

पागेसमोर सगळे जमले तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. धाकटा घोडीला धरून उभा होता. तो घरातला नालबंद. घोड्यांचे पाय उचलून त्यांच्याशीच गप्पा मारणारा.

"मी कोणाच्याच बाजूनं नाही हं," त्यानं आधीच जाहीर केलं. "एकीकडे बायको, एकीकडे भाऊ."

"तुला बाजू होती कधी?" आत्या म्हणाल्या. त्या बाबांच्या थोरल्या बहीण, आणि सगळ्या डोंगराला ज्यांचा धाक त्या बाबांना त्या अजून बाळ्या म्हणतात. "बाळ्या, रिकिबीत पाय नीट घाल. पडलास तर तुझ्या नावाचा खड्डा पडेल."

"ताई, निदान आज तरी गप्प बस."

धाकटी थोरल्याजवळ आली. "दादा, आधी तुमची रेघ होऊ दे. तुमचा मान."

"मानाचं काय त्यात," थोरला तिच्याकडे न बघता म्हणाला. "बाबा म्हणतील तसं."

लाल रेघेत काढायला चूक नव्हती. पाणी जिथे वाट सोडून जायला हवं तिथे जात होतं. घोडं नेहमी वाटेच्या बाहेरच्या कडेनं चालतं, म्हणून ती कड भरावाची ठेवली की खुरांखाली ढासळते. थोरल्यानं सगळी वाट डोंगरातच कापून घ्यायची असं धरून झेंड्या लावल्या होत्या. घोडी खिंडीपर्यंत निमूट गेली. बाबा कुठेही थांबले नाहीत. थोरला मागून चालत होता आणि प्रत्येक वळणावर बाबांच्या लगामाकडे बघत होता. इथे थांबतील. बरं, इथे. या झाडापाशी तरी?

वर पोचल्यावर बाबा म्हणाले, "ठीक आहे. मजबूत आहे."

"एवढंच?" थोरल्याच्या तोंडून निघून गेलं.

"मग आणखी काय हवं? अरे, ही माझीच रेघ आहे. मी आखली असती तर डोळे मिटून अशीच आखली असती."

थोरल्याला तोंडात मारल्यासारखं झालं. बाबांना आवडावं म्हणून त्यानं जन्मभर बाबांसारखं केलं होतं, आणि आता तेच त्याचं उणं ठरत होतं.

"खाली चला," बाबा म्हणाले. "पिवळी बघू."

*

पिवळी रेघ सुरू झाली तशी धाकटीनं बोलणं बंद केलं. लोक म्हणायचे, काय आत्मविश्वास आहे पोरीला! होता ना, पण चढ मोजायच्या नळीतून बघून आकडा मिळाला की मगच. आणि इथे दादा नुसती टाच दाबून "इथे नको" म्हणायचे. का नको, ते त्यांना सांगता यायचं नाही, पण पुढच्या पावसात तिथलीच कड खचायची. लग्न होऊन आल्यापासून तिला ती टाच झोंबत होती. सगळ्यांना वाटायचं दादा तिच्यावर जळतात. ती दादांवर किती जळते हे तिनं नवऱ्यालाही कधी कळू दिलं नव्हतं.

खडक दिसला आणि ती जागच्या जागी थबकली. तिची झेंडी तिच्या जागी नव्हती. ती पार खाली होती, खडकाखाली. पुढचीही. वाऱ्यानं झेंडी पडते, पण पडलेली उचलून वारा ती दुसरीकडे रोवत नाही. तिनं मागे पाहिलं. दादा एका झाडाकडे असे टक लावून बघत होते जणू आयुष्यात झाड पाहिलं नव्हतं. तिला सगळं कळलं.

"बाबा, थांबा," ती ओरडली, "ही माझी..."

पण घोडी वळली होती. ओल्या जागेपाशी हटकून अडणारी ती म्हातारी घोडी लगाम ढिला असताना आपण होऊन खाली उतरली, बाहेरच्या कडेनं मुरमावरून टकटक गेली आणि खडकाच्या पलीकडे वर आली. एकदाही अडली नाही.

बाबांनी लगाम ओढला. घोडी फिरवून ते उलटे आले, परत गेले. मग गुडघ्यांची पर्वा न करता चक्क खाली उतरले आणि वाकून जमीन बघायला लागले.

"पाणी कुठे जातंय बघा," ते स्वतःशीच बोलल्यासारखं बोलले. "झऱ्याचं पाणी खडकाच्या भेगेत शिरतं. खाली येतच नाही. आणि पावसाचं जे वरून येईल ते इथे, या खळग्यात वाट सोडून निघून जाईल. दगड नको, फरशी नको, दरवर्षीची डागडुजी नको. ताई, इकडे ये. बघ."

आत्यांनी बघितलं. "बाळ्या, हे तुझ्या डोक्यातलं नाही."

"नाहीच. जन्म गेला माझा या खडकापाशी विड्या ओढण्यात. मला दिसलं नाही हे." बाबांनी धाकटीच्या डोक्यावर हात ठेवला. "शाब्बास गं पोरी. दगड बसवायचे म्हणत होतीस, आणि हे काढलंस होय!"

धाकटीनं उघडलेलं तोंड मिटलं. खरं बोलायला एक क्षण पुरला असता, आणि तो तिनं जाऊ दिला. चुकून नाही, मुद्दाम. तिला ते वळण हवं होतं. ते आपलं नाही याचा तिला इतका राग आला होता की ते आपलंच करून टाकावंसं वाटत होतं.

मागे वहिनीनं नवऱ्याच्या दंडाला चिमटा काढला. "अहो, ते तुमचं आहे."

"काय माझं?"

"मी सकाळी वरून पाहिलंय सगळं."

थोरल्याचा चेहरा उतरला. पण त्याचं लक्ष तिच्याकडे नव्हतंच. तो त्या वळणाकडे बघत होता. आत्ता, घोडी जाताना, त्यालाही ते पहिल्यांदाच दिसलं होतं. बिघडवायला म्हणून आपण गेलो आणि हे झालं? हे आपल्या हातून? आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते मिळालं होतं, आणि दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून दिलं जात होतं.

नाव देताना बाबा उजवा हात वर करतात. तो हात वर जायला लागला. एकदा नाव उच्चारलं की झालं, मग देव आला तरी ते बदलणार नाही.

"थांबा!" थोरला ओरडला. घोडी बिचकली. "बाबा, नाव देऊ नका. ते तिचं नाही."

"पिवळ्या झेंड्या मग कोणाच्या?"

"झेंड्या तिच्या. जागा माझी."

"दादा, ऊन लागलं का तुला?" धाकटा म्हणाला. "चल, पाणी पी जरा."

"बोलू दे त्याला," आत्या म्हणाल्या.

"सकाळी मी हलवल्या त्या. विचारा तिला. विचारा ना!"

सगळ्यांनी धाकटीकडे पाहिलं. ती गप्प राहिली. त्या गप्प राहण्यातच उत्तर आलं आणि धाकट्यानं कपाळाला हात लावला.

"कशासाठी हलवल्यास?" बाबांनी विचारलं.

थोरल्यानं तोंड उघडलं. तेवढ्यात वहिनी पुढे झाली. "मदत करायला हो, दुसरं काय! यांनी पाहिलं, रेघ ओलीवरून चाललीय. म्हटलं, धाकटीच ती, लहान आहे. गुपचूप सरळ करून द्यावी. यांचा स्वभावच तसा. बोलून दाखवत नाहीत."

अशी सुरेख पळवाट कोणत्याच बायकोनं नवऱ्याला काढून दिली नसेल. वळणही मिळालं असतं आणि वर मोठेपणाही. थोरल्यानं फक्त मान हलवायची होती. तो बायकोकडे बघत राहिला, मग धाकटीकडे. मदत म्हटलं की अर्धं वळण तिचं झालं. तिच्या रेघेत आपण चार टाके घातले, एवढंच.

"मदत?" तो म्हणाला. "हिला? मी मरेन, पण हिला मदत करणार नाही!"

"अहो!" वहिनी किंचाळली.

"तिची रेघ बिघडवायला हलवल्या मी झेंड्या. तुम्ही तिच्यावर चिडावं, डोंगर मला द्यावा, म्हणून. पोटात दुखतं माझ्या, चार वर्षं दुखतंय. चोर म्हणा, लबाड म्हणा, पागेत झोपायला सांगा. पण हे वळण माझं आहे, बाबा. ते दुसऱ्या कोणाला द्यायचं नाही."

घोडीनं गवत तोडायला सुरुवात केली.

बाबा खडकाला टेकले. त्यांना राग यायला हवा होता आणि तो आलाही, पण त्याच्या खाली आणखी काहीतरी टोचत होतं आणि ते त्यांच्या ओळखीचं होतं. वळणाला सुनेचं नाव देताना त्यांना जड गेलं नव्हतं. सून बाहेरून आलेली, तिचं कौतुक म्हणजे आपल्या पारखीचं कौतुक. पण हा? याला आपण बोट धरून शिकवलं, आणि आपल्याला न दिसलेलं यानं दाखवावं? तेही रागाच्या भरात, न बघता?

"आता का घोडं अडलं तुझं?" आत्यांनी विचारलं. त्यांच्या नजरेतून भावाचं काही सुटत नसे. "माझ्या उतरणीच्या वेळीही तुझं तोंड असंच झालं होतं. आठवड्याभर बोलला नव्हतास माझ्याशी. शेवटी आपल्या वडिलांनी नाव दिलं."

"ताई, ते वेगळं."

"काही वेगळं नाही. तेव्हाही तुलाच हवं होतं."

बाबांनी बराच वेळ पायाखालचा मुरूम बुटानं उकरला. मग थोरल्याकडे न बघता विचारलं, "लाल रेघ ओढताना हे का नाही सुचलं?"

"तेव्हा तुम्हाला आवडेल ते करत होतो."

"आणि सकाळी?"

"सकाळी तुम्हाला आवडू नये ते करत होतो."

धाकटा फिसकन हसला आणि बायकोची नजर बघून गप्प झाला.

"ठीक आहे," बाबा म्हणाले. "डोंगर धाकटीचा. तिची रेघ चांगली आहे, आणि दुसऱ्याच्या झेंड्या उपटणाऱ्याच्या हातात मी या घरातली आखणी देणार नाही. ते कायमचं संपलं, थोरल्या. कळलं?"

थोरल्यानं मान हलवली. वहिनीनं पदरात तोंड लपवलं.

"आणि वळण थोरल्याचं." बाबांनी हात वर केला, पुरता वर, आणि खाली घेतला. "पण नावाबरोबर गोष्ट जाते. आत्याच्या उतरणीची गोष्ट ऐकून लोक अजून हसतात. या वळणाची गोष्ट दुसरं कोणी सांगणार नाही. जो नवा स्वार इथून जाईल त्याला तू स्वतः सांगायचीस. कोणाच्या झेंड्या होत्या, तू त्या का हलवल्यास, सगळं. लपवाछपवी चालणार नाही."

"सांगेन."

"लाज नाही वाटणार?"

"वाटेल," थोरला म्हणाला. "तरी सांगेन."

*

बाकीचे पुढे गेले. वहिनी सगळ्यांच्या पुढे, ताडताड पाय आपटत. आज घरात भांड्यांची काही खैर नव्हती. आत्या आणि बाबा घोडीच्या दोन्ही बाजूंनी भांडत चालले होते. धाकटा मध्ये थांबला, मागे बघितलं, आणि इथे आपलं काही काम नाही हे त्याला बरोबर कळलं.

खडकापाशी दोघंच राहिली. धाकटीनं खाली वाकून झेंडी सरळ केली. ती सरळच होती.

"दादा, मुरूम दिसला होता तुम्हाला?"

"नाही."

"मग इथेच का रोवली?"

"तिथे चिखल होता."

"बिघडवायचीच होती ना? मग चिखलातच ठेवायची!"

"ठेववेना," थोरला म्हणाला. "आता काय सांगू. हात ऐकेना."

धाकटीनं टाच दाबून पाहिली. मुरूम करकरला. तिनं दुसऱ्या ठिकाणी दाबली, तिसऱ्या ठिकाणी दाबली. मग ताठ उभी राहिली.

"मी पावसात येऊन उभी राहायचे इथे," ती म्हणाली. "छत्री घेऊन. पाणी कुठून निघतं, कुठे जातं, सगळं बघत. कपडे ओले, पाय गारठलेले. अख्खा पावसाळा. मला खडकाच्या वरचंच दिसत राहिलं, खाली बघायचं सुचलंच नाही. आणि तुम्ही माझ्यावर चिडून येता काय आणि..." तिचा आवाज फुटला. तिनं तोंड फिरवलं.

ते रडणं अपमानाचं नव्हतं. झेंड्या हलवल्या म्हणूनही नव्हतं. थोरल्यानं ते ताबडतोब ओळखलं. इतकी वर्षं ते त्याच्याच पोटात राहायला होतं. आपल्यावर कोणी असं जळू शकतं, हे त्याला आजवर ठाऊक नव्हतं, आणि मेलं ते इतकं गोड लागलं की त्याची त्यालाच शरम वाटली.

"माफी माग म्हणत असशील तर मागतो," तो म्हणाला.

"नको मला माफी." तिनं बाहीनं डोळे पुसले. "दादा, डोंगर तुम्ही घ्या."

"काय?"

"मी बाबांना सांगते, मला एवढं झेपणार नाही. माझं ऐकतील ते. सगळा घ्या, पागेपासून तलावापर्यंत. घरातली आखणीही तुमचीच, आज-उद्या, पुढे कायमची. लाल झेंड्या लावा, मी तुमच्या हाताखाली राबेन." ती त्याच्याकडे वळली. "फक्त हे वळण माझ्या नावावर होऊ दे. दिलेलं नाव बदलत नाही म्हणतात, पण दोघांनी मिळून सांगितलं तर बाबा बदलतील. गोष्ट तुम्हाला सांगायला नको, काही नको. मी म्हणेन, तुम्ही उगाच माझी चेष्टा करत होतात."

थोरल्यानं वर डोंगराकडे पाहिलं. खिंडीपर्यंतचा सगळा उतार उन्हात पडला होता, लाल आणि पिवळ्या झेंड्यांसकट. हाच हवा होता त्याला. याच्यासाठी सकाळी तो घरातून चोरासारखा निघाला होता.

"नाही," तो म्हणाला.